दंडावरची पट्टी

ऑपरेटरबाईंनी जन्मात कधी सिगारेट ओढली नव्हती. ओढणं सोडाच, शेजारी कुणी पेटवली तरी नाकाला रुमाल लावून चार पावलं लांब सरकणारी बाई ती. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकून कुणी भलतंसलतं समजायला नको.

नोकरी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर. जिन्याखाली एक खोली. खोली कसली, खुराडंच. त्यात एक उंच स्टूल, समोर भोकाभोकांचा बोर्ड, वायरींचं जंजाळ आणि कानाला हेडफोन लावून ताठ बसलेल्या बाई. वॉर्ड, रक्तपेढी, डॉक्टरांची घरं, सगळे नंबर तोंडपाठ. नुसत्या 'हॅलो'वरून बाई ओळखायच्या, मोठ्या डॉक्टरांचं आज घरी वाजलंय. बोर्डाचा नियम एकच: कुठली वायर कुठे खोचली ते डोक्यात ठेवायचं आणि बोलणं संपलं की काढायची. विसरलेली वायर म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याच्या कानात. बाईंच्या हातून सगळ्या नोकरीत अशी वायर राहिली नाही. "साहेब जागेवर नाहीत, निरोप आहे का?" हे तर त्या झोपेतसुद्धा म्हणायच्या. नवरा होता तेव्हा चिडवायचा, "अगं, यम दारात आला तरी सांगशील, बाई जागेवर नाहीत, निरोप ठेवा."

नवरा गेला, नोकरी संपली, बोर्डही उपटून काढला. त्या जागी मशीनमधली बाई आली, एक दाबा, दोन दाबा. ऑपरेटरबाईंनी एकदा मुद्दाम फोन लावून ऐकलं आणि लेकीला म्हणाल्या, "गळा गोड आहे मेलीचा, पण ऐकून घेत नाही कुणाचं."

लेक आणि जावई दोघंही सकाळी कामावर जायचे. घरात मागे उरायच्या बाई आणि नात. नात म्हणजे नुकतं दुडुदुडु चालायला लागलेलं गुटगुटीत पोर, दुपट्यात बांधून ठेवल्यासारखं. बाई तिला गठुडं म्हणायच्या. दोघींचा एक खेळ होता. हाताला लागेल ते, कंगवा म्हणा, चमचा म्हणा, काही नाही सापडलं तर नुसता तळहात, गठुडं कानाला लावायचं आणि म्हणायचं, "अलो."

"नमस्कार, कोण पाहिजे?" बाई बोर्डावरच्या आवाजात विचारायच्या.

"आदी."

"आजींना जोडते हं," म्हणून बाई दोन्ही हात पसरायच्या, पोर धावत येऊन छातीवर आदळायचं आणि बाई म्हणायच्या, "जोडलं!" दिवसातून कितीदा हे चालायचं, देव जाणे. बाईंना या खेळाचा कंटाळा म्हणून कधी आला नाही. खरं सांगायचं तर त्या जगत होत्या त्या एवढ्यासाठीच.

आणि अशा बाईंचं डोकं दगा द्यायला लागलं.

आधी बारीकसारीक. चष्मा फ्रीजमध्ये काय सापडला, दोनदा मीठ घातलेली भाजी काय. हसण्यावारी गेलं. मग गॅसवर दूध राहिलं, पातेलं जळून कोळसा झालं, धुराने घर भरलं. आणि मग तो जिन्याचा प्रकार. बाई गठुड्याला कडेवर घेऊन बागेतून परतल्या त्या शेजारच्याच इमारतीत शिरल्या. परक्या दाराला आपली किल्ली लावत बसल्या आणि दार उघडणाऱ्या माणसावरच डाफरल्या, "कुलूप कुणाला विचारून बदललंत?" तो बिचारा भला, त्याने हाताला धरून घरी आणून सोडलं. पण येऊन लेकीला सगळं सांगितलं.

लेक त्या दिवशी आरडाओरडा करेल असं बाईंना वाटलं होतं. तसं झालं नाही. ती समोर बसली आणि म्हणाली, "आई, तुझा काही दोष नाही गं. पण पाळणाघराचं मी विचारून ठेवलंय. पुन्हा असं काही झालं, तर गठुडं तिकडे जाईल."

"अगं, एवढ्याशा पोराला परक्यांच्या हातात?"

"परके जिना चुकत नाहीत, आई."

घाव वर्मी बसला होता. लेक डॉक्टरकडे चल म्हणाली, तर बाईंनी उडवून लावलं. हॉस्पिटलात आयुष्य काढलेली बाई, तिला का ठाऊक नव्हतं, की एकदा कागदावर आजाराचं नाव पडलं की पोर हातातून गेलंच?

मोबाइलवर बाई दुपारी कसले कसले व्हिडिओ बघायच्या. त्यात एक सूटबूटवाला सांगत होता, की सिगारेट सोडायला जी निकोटिनची पट्टी चिकटवतात, ती सिगारेट न ओढणाऱ्यांना लावली तर लक्ष सुधारतं, आठवण सुधारते, असं काही अभ्यासांत दिसलंय. पुढे तो पुष्कळ जपूनही बोलला. अभ्यास लहान आहेत, आपल्या मनाने करू नका, ज्यांचं चांगलं चाललंय त्यांना काही फरक पडत नाही. पण बुडणारा माणूस दोरीला गाठी किती ते मोजतो होय? बाईंनी 'आठवण सुधारते' एवढंच ऐकलं आणि पायात चप्पल सरकवली.

कोपऱ्यावरचा मेडिकलवाला जुन्या ओळखीचा, पूर्वी हॉस्पिटलच्याच औषधखिडकीवर बसायचा. तो बघतच राहिला.

"बाई, तुम्हाला? निकोटिनची पट्टी?"

"मला कशाला मेलं! जावयांना हवीय," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "सोडायची म्हणतात. पण लेकीला बोलू नका हं, तिला ठाऊक नाही, ते ओढतात ते."

एकदा थाप मारली की ती निभवावी लागते. मेडिकलवाल्याने मनापासून सगळं समजावलं. रोज सकाळी जुनी काढायची, नवी दुसऱ्या दंडावर लावायची, एका वेळी एकच. "आणि घरात लहान मूल आहे ना? मग वापरलेलीसुद्धा दुमडून, चिकट बाजू आत घालून, बाहेरच्या कचऱ्यात टाका. पोरांना फार वाईट असते."

"एवढं कळतं मला," बाई म्हणाल्या. कळतच होतं त्यांना.

पहिले दिवस नुसते हाल झाले. तोंडाला पाणी सुटायचं, पोटात ढवळायचं, भिंती फिरायच्या, छातीत धडधड. झोपलं की बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागल्याची स्वप्नं, आणि वायर एकही सापडायची नाही. बाई बाथरूमचं दार लावून ओकल्या, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन गठुड्याला "आजींना जोडते हं" म्हणाल्या. पट्टी काढली नाही. लांब बाह्यांचे झगे घालायला लागल्या, एवढंच.

आणि मग हळूहळू बरं वाटायला लागलं. गॅस बंद केलेला आठवू लागला. जिना चुकेना. लेक एकदा म्हणाली, "आई, हल्ली तरतरीत दिसतेस गं," तेव्हा बाईंना आकाश ठेंगणं झालं. आता ही करणी पट्टीची, की बाई जीव मुठीत धरून प्रत्येक गोष्ट दहादा तपासत होत्या त्याची, ते कोण सांगणार? बाईंना विचाराल तर पट्टीचीच. त्यांचा तेवढा एकच आधार होता.

पण थापेला पाय फुटले. मेडिकलवाल्याने एकदा जावयाला जिन्यात गाठून पाठीवर थाप मारली, "शाब्बास! सोडताय हे छान करताय, चिकाटी ठेवा." जावई गोंधळला. घरी येऊन हसत हसत सांगितलं, "अगं, मी काय सोडतोय म्हणे?" तो हसला, लेक हसली नाही. ती खाली जाऊन मेडिकलवाल्याला विचारून आली. बाईंनी बोलू नका म्हटलेलं आठवून तो ततपप करायला लागला आणि त्यांचं नाव न घेता म्हणाला, "सिगारेट सोडतायत ना, चांगलंच आहे की." झालं! घरात धुसफूस सुरू. लेक नवऱ्याच्या शर्टांचा वास घ्यायची, खिसे उलटे करायची. तो शपथा घ्यायचा. बाई सगळं बघत होत्या. रोज ठरवायच्या, आज सांगून टाकायचं. आणि रोज गठुडं कानाला चमचा लावून "अलो" म्हणायचं आणि बाईंची जीभ टाळ्याला चिकटायची. जावयासारख्या देवमाणसाचा छळ उघड्या डोळ्यांनी बघत होत्या बाई. मनाला खायचं त्यांच्या.

त्या दिवशी उकाडा नुसता भाजून काढत होता. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. नुसत्या लंगोटावर असलेल्या गठुड्याला बाईंनी शेजारी घेतलं. बाह्या पार वर दुमडल्या, पोराला उजव्या दंडावर निजवलं आणि त्याला थोपटता थोपटता स्वतःही डुलकल्या.

जाग आल्यावर तोंडावर पाणी मारायला त्या मोरीत गेल्या आणि बघतात तो दंडावर पट्टी नाही! दुसरा दंड चाचपला. तिथेही नाही.

म्हणजे आज सकाळी लावायची राहिली. एवढी जपलेली गोष्ट, तीही आपण विसरलो. क्षणभर त्यांना आठवल्यासारखं झालं: बाथरूमच्या दारामागे उभ्या आहेत, पट्टीचा कागद सोलतायत, बाहेरून लेक ओरडतेय, "आई, डबा नको गं!" स्पष्ट, अगदी समोर घडल्यासारखं. पण ते कालचं असेल, बाई स्वतःला म्हणाल्या. आपलं डोकं हल्ली काल नि आज एक करतं. रिकामा दंड काही खोटं बोलत नाही. त्यांनी डब्याच्या मागे लपवलेलं पाकीट काढलं, नवी पट्टी दंडावर दाबून बसवली आणि बाही खाली ओढली. निश्चिंत झाल्या हो!

गठुडं उठलं ते रडत नाही, हसत नाही. तोंडातून लाळेची धार, चेहरा पांढराफटक, अंग घामाने थबथबलेलं. बाईंनी कानाला हात लावून "हॅलो, हॅलो" केलं, तर पोर बघेचना. मग भडाभडा ओकलं. एकदा, दोनदा. मग मान टाकली.

बाईंनी लेकीला फोन लावला, पोराला चादरीत गुंडाळलं आणि अनवाणी रस्त्यावर धावल्या. मिळाली ती गाडी थांबवली.

हॉस्पिटल त्यांचंच, पण ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. जिन्याखालच्या खुराड्यात आता कॉफीचं मशीन होतं. पोराला पडद्याआड नेलं. नर्सने त्याला उताणं झोपवून छातीला वायरी लावल्या. लेक आली, मागोमाग जावई धापा टाकत आला. तरुण डॉक्टरीणबाई भराभर विचारत होत्या. काय खाल्लं? काही गिळलं का? घरात झुरळांचं, उंदरांचं औषध? कुणाच्या गोळ्या? नाही, नाही, नाही.

"घरात सिगारेट, तंबाखू? लक्षणं तशी वाटतायत. एखादं थोटूक पडलेलं गिळलं असेल तर?"

लेक सर्रकन नवऱ्याकडे वळली. बाईंनी तिचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"आता तरी बोल! कुठे टाकतोस थोटकं? बाल्कनीत? तिच्या खेळण्यांत?"

"अगं, आईशप्पथ, मी कधी..."

"खोटं बोलू नकोस! पोर मरतंय तिकडे आणि तू अजून खोटं बोलतोस!"

जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी नर्सला सांगितलं, "पोटात काही आहे का बघायला लागेल. नळी तयार ठेवा."

बाई भिंतीला टेकल्या. हात आपोआप दंडाकडे गेला. बाहीखाली पट्टी लागली, जागच्या जागी. देवा! म्हणजे आपलं काही नाही. आपली पट्टी इथे आहे, तर पोराला लागणार कुठून? दुधातच काही असेल. एक क्षण, खरंच सांगायचं तर, बाईंना हायसं वाटलं. तोंड मिटून राहिलं तरी चालणार होतं.

पण ती सकाळची आठवण काही केल्या हटेना. दारामागे आपण, हातात सोललेला कागद, आणि "आई, डबा नको गं!" डबा नको. लेक रोज डबा नेते. नको म्हणाली ती कधी? बोर्डावर जशी एक एक वायर हाताने मागे नेत जायची, तशा बाई मागे गेल्या. काल तर आपण डबा भरला होता, झाकण लागत नव्हतं. मग?

"अगं," त्यांनी लेकीचा दंड धरला, "डबा नको म्हणालीस, ते आज सकाळी ना?"

"आई, हे काय विचारतेस आत्ता!"

"सांग मला. आजच ना?"

"आजच! ऑफिसात जेवण होतं म्हणून ओरडले नाही का! तुला आता तेही..." लेकीचा आवाज फाटला. "तू बस बाई एका जागी."

बाई बसल्या नाहीत. आज सकाळी एक लावली. दुपारी दुसरी. दंडावर एकच आहे.

आता बोललं की गठुडं गेलं आपल्या हातातून. आणि नाही बोललं तर गठुडंच जाईल. बाईंना दोन्ही लख्ख दिसत होतं. त्यांनी पडदा बाजूला सारला.

"नळी नको," त्या म्हणाल्या. आवाज बोर्डावरचाच निघाला, खणखणीत. "पोटात काही नाही. अंगावर बघा. पट्टी आहे निकोटिनची. माझी. माझ्या दंडावरून घामाने सुटून तिला चिकटली असणार."

त्यांनी बाही वर केली आणि दंड दाखवला. कुणाला काही कळेना, पण नर्सने पोराला पालथं केलं. पाठीवर, लंगोटाच्या काठाशी, अर्धी आत गेलेली कातडीच्या रंगाची पट्टी होती. चटकन दिसूही नये अशी.

डॉक्टरीणबाईंनी ती सोलून काढली, पाठ पाण्याने पुसून काढली. मग सलाइन, मशीनचे आकडे आणि वाट बघणं. बाईंनी आपल्या दंडावरची पट्टी ओरबाडून काढली, दुमडली, चिकट बाजू आत घातली आणि कचऱ्याचा डबा शोधत त्या स्वतः बाहेर टाकून आल्या.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गठुड्याच्या गालांवर रंग आला. डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, "धोका टळला. आज इथेच राहू दे." मग बाईंकडे वळल्या. "आजी, वेळेवर आठवलंत."

"आठवलं कसलं," बाई म्हणाल्या, "आठवतच होतं हो मला. दुपारीच आठवलं होतं. मीच ते खरं मानलं नाही."

डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्या पट्टीने तुमच्या डोक्याला गुण आला की नाही, ते आपल्याला सांगता येणार नाही म्हणाल्या. रीतसर तपासून घ्या, विसरण्याची कारणं पुष्कळ असतात, काही बरीही होतात. बाईंनी मान हलवली. आता तपासायला त्यांची काही हरकत नव्हती. लपवायचं ते काय उरलं होतं?

जावई चहाचे कप घेऊन आला. एक त्याने बाईंच्या हातात दिला आणि शेजारी टेकला. "आई," तो म्हणाला, "एक बरं झालं. न लागलेलं माझं व्यसन आज सुटलं." बाईंना हसूही आलं आणि मग असं रडू फुटलं, की कप त्यालाच धरावा लागला.

लेक पोराच्या अंगावरची चादर नीट करत राहिली. शेवटी म्हणाली, "मला सांगायचं होतंस गं."

"सांगितलं असतं, तर ठेवली असतीस तिला माझ्यापाशी?"

खोटं लेकीला बोलता येईना आणि खरं बोलवेना. थोड्या वेळाने ती उठून बाहेर गेली आणि फोनवर हळू आवाजात कुणाशी बोलली. पाळणाघर म्हणून एकदा ऐकू आलं. बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बोर्डावरची सवय होती ती.

मग गठुडं जागं झालं. लेकीने त्याला वायरींसकट अलगद मांडीवर घेतलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं, पलंगाच्या पायाशी उभ्या असलेल्या आजीवर नजर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. सुई खोचलेला हात जड होता, म्हणून दुसरा हात त्याने कानाला लावला.

"अलो."

बाईंचे हात उचलले गेले होते. त्यांनी ते मागे घेतले आणि पाठीमागे एकात एक घट्ट धरले.

"नमस्कार, कोण पाहिजे?"

"आदी."

लेकीने मान वर केली नाही. जावई म्हणाला, "घ्या ना, आई." बाई जागच्या हलल्या नाहीत.

"आजी जागेवर नाहीत हं," त्या म्हणाल्या. "निरोप आहे का?"

हे उत्तर गठुड्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने आपल्या तळहाताकडे बघितलं, तो पुन्हा कानाला लावला आणि ते जरा मोठ्याने म्हणालं, "अलो? आदी!"